मोबाईलला लागतं, लॅपटॉपला लागेना: कॉलेजचं वायफाय नेमकं अडतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा चंदगडकडचा, बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहतो. जूनमध्ये ओळखीतून जुना लॅपटॉप घेतला, त्यात विंडोज अकरा. गणपतीच्या सुट्टीपर्यंत कॉलेजचं वायफाय व्यवस्थित लागत होतं. दहा-बारा दिवस गावी राहून परत आला आणि तेव्हापासून नाव-पासवर्ड टाकला की थोडा वेळ गोल फिरतं, मग ‘या नेटवर्कला जोडता येत नाही’ एवढंच येतं. मोबाईल त्याच नावा-पासवर्डावर चालतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉपही चालतो, फक्त ‘काही काही साइटवर लाल खूण येते, मी पुढे जा म्हणतो’. इंटर्नल्स, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा, तोंडावर आहेत आणि रूममेट सांगतोय, फॉर्मॅट मार.

फॉर्मॅट मारू नकोस. बेळगावातल्या एका कॉलेजचं नेटवर्क मी सतरा वर्षं सांभाळतोय. ‘फॉर्मॅट मारलो, तरी लागेनाच की सर’ म्हणत दारात उभी राहिलेली पोरं दरवर्षी बघतो. लॅपटॉप कोरा होतो, प्रोजेक्ट जातो आणि वायफाय जिथे होतं तिथेच राहतं.

तू ती लाल खुणेची गोष्ट जाता जाता लिहिलीस, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतंय. आत्ता लॅपटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बघ. वेळ नाही, तारीख बघ. मग मोबाईलमधली तारीख बघ. माझा अंदाज, लॅपटॉप आठ-दहा दिवस मागे असेल.

कारण सांगतो. लॅपटॉप बंद असतानाही आत एक घड्याळ चालू असतं, त्याला नाण्याएवढा एक सेल असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो सीआर-२०३२, तीन व्होल्टचा, मनगटी घड्याळवाल्याकडेही मिळणारा. काही नव्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतो, मुख्य बॅटरीवरच घड्याळ चालतं. जुन्या लॅपटॉपचा सेल दमलेला असतो. रोज वापरात आहे, चार्जर लागतोय, तोवर काही कळत नाही. दहा दिवस गावाकडे बॅगेत पडून राहिला की घड्याळ मध्येच थांबतं आणि सुरू केलास की थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. पार दमलेला सेल असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ते लगेच दिसतं, कारण मग एकही साइट धड उघडत नाही. आठ-दहा दिवसांची चूक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. आपण सगळे तारीख मोबाईलमध्ये बघतो.

आता त्या लाल खुणा. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं आणि त्यावर दोन तारखा असतात: कधीपासून चालू, कधीपर्यंत चालू. तुझा लॅपटॉप अजून सुट्टीच्या आधीच्या तारखेत जगतोय. ज्या साइटने मधल्या दिवसांत नवं सर्टिफिकेट लावलं, ते त्याला ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं दिसतं. म्हणून सगळ्या नाही, काहीच साइट लाल होतात. कॉलेजच्या वायफायमागेही असाच एक सर्व्हर असतो आणि त्याचंही सर्टिफिकेट असतं. ते बदलायचं काम आम्ही लोक मुद्दाम सुट्टीत करतो, कारण तेव्हा शिव्या कमी पडतात. तुमच्याकडेही गणपतीत बदललं असेल तर कोडं सुटलंच. मोबाईल वेळ सिमच्या नेटवर्कवरून घेतो, त्याला काही अडत नाही.

तू म्हणशील, हॉटस्पॉटवर नेट होतं, मग विंडोजने घड्याळ आपोआप का लावलं नाही? घरगुती विंडोजची वेळसेवा साधारण १५ तासांपर्यंतचा फरक निमूटपणे दुरुस्त करते. त्यापेक्षा मोठा फरक दिसला तर तिला शंका येते आणि ती हात लावत नाही. कॉलेजच्या वायफायवर तर अडचण आणखी मजेशीर. वेळ बरोबर नाही म्हणून नेट लागत नाही, नेट लागत नाही म्हणून वेळ बरोबर होत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’. आपोआप वेळ लावण्याचं बटण तात्पुरतं बंद कर, मोबाईल शेजारी ठेव, तारीख आणि वेळ हाताने घाल. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, म्हणजे साडेपाच तास पुढचा, हाच आहे ना तेही बघ. बाहेरून आलेल्या लॅपटॉपमध्ये झोन परदेशातला असतो आणि लोक झोन न बदलता नुसते काटे फिरवून ठेवतात. मग घड्याळ दिसायला बरोबर, आतून काही तासांनी चुकलेलं. हे झालं की बटण परत चालू कर. रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढून ठेव. सकाळी परत मागे पडला असेल तर सेल बदलायलाच हवा. सेलला वायर आणि छोटा कनेक्टर असेल तर नुसता सेल आणू नकोस, तसाच वायरवाला घे. कात्रीने वायर तोडून चिकटपट्टीने जोडलेले सेल मी पाहिलेत.

तारीख बरोबर केल्यावर लगेच लागलं, तर बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल. तारीख आधीच बरोबर निघाली तर मात्र पुढचं शांतपणे वाच.

घरच्या वायफायची किल्ली सगळ्यांची एकच असते, कुंडीखाली ठेवल्यासारखी. कॉलेजच्या वायफायची तऱ्हा वेगळी. आपल्या कॅम्पात मिलिटरीच्या गेटवर जसं असतं तसं: गेटवरचा जवान तुला ओळखत नाही आणि सोडायचं की नाही ते ठरवतही नाही. तो आत फोन लावतो. छतावरचा पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, हा तो जवान. आतलं ऑफिस म्हणजे रेडियस सर्व्हर. जवान फक्त निरोप इकडून तिकडे पोचवतो, त्याला तुझा पासवर्ड कळतही नाही. आधी ऑफिसने तुझ्या लॅपटॉपला स्वतःचं ओळखपत्र दाखवायचं, म्हणजे तेच सर्टिफिकेट. लॅपटॉपची खात्री पटली की दोघांत एक बंद बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यातून पासवर्डाची देवाणघेवाण होते. ऑफिसने ‘सोड’ म्हटलं की जवान फाटक उघडतो. आत गेल्यावर तुला राहायला पत्ता, म्हणजे आयपी, मिळतो. आणि शेवटी बऱ्याच कॉलेजांत फायरवॉलचं एक लॉगिन पान असतं, तिथे परत हजेरी.

अडायच्या जागा म्हणजे ओळखपत्र, पासवर्ड, पत्ता, हजेरी. स्क्रीनवर येणारं वाक्य मात्र बहुतेक वेळा एकच. म्हणून कुठे अडलं ते आधी शोधायचं, मग हात लावायचा. पोरं उलटं करतात. यूट्यूबवर बघून दहा बटणं दाबतात, त्यातल्या तिसऱ्या बटणाने मूळ दोष गेलेला असतो आणि सातव्याने नवा आलेला असतो.

पहिलं काम म्हणजे जुनं प्रोफाइल, म्हणजे लॅपटॉपने साठवलेली या वायफायची माहिती, पुसणं. ‘नोन नेटवर्क्स’मध्ये कॉलेजच्या नावावर ‘फरगेट’ दाब आणि नव्याने जोड. कॉलेजने सर्टिफिकेट बदललं असेल तर जुन्या प्रोफाइलमध्ये जुन्याचीच आठवण असते आणि विंडोज काही न सांगता नकार देतं. नव्याने जोडताना एकदा विचारलं जाईल की या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का. इथे घाईने ‘कनेक्ट’ दाबू नकोस. सर्टिफिकेटचे तपशील उघडून सर्व्हरचं नाव बघ, ठसा (थंबप्रिंट, अक्षरं-आकड्यांची लांब ओळ) बघ, आणि कॉम्प्युटर सेंटरने दिलेल्या कागदाशी ताडून बघ. कागद दिलाच नसेल तर मागून घे. तो मागणारा पहिला पोरगा तू असशील, पण त्यांनाही बरं वाटेल.

कुणीतरी तुला सांगेल की सर्टिफिकेट तपासायची टिक काढून टाक, लगेच लागतं. खरंच लागतं. अँड्रॉइडमध्येही पूर्वी ‘डू नॉट व्हॅलिडेट’ असा पर्याय असायचा, तो २०२० च्या शेवटी अँड्रॉइड अकराच्या एका अपडेटपासून काढायला सुरुवात झाली, ते काही उगीच नाही. टिक काढलीस की तुझा लॅपटॉप कॉलेजच्या नावाने उभ्या असलेल्या कुठल्याही डब्याशी बोलायला लागतो. शेजारच्या खोलीतला एखादा उद्योगी पोरगा त्याच नावाचं वायफाय स्वतःच्या लॅपटॉपवरून उभं करू शकतो. तुझा लॅपटॉप त्याला पासवर्डाचा गुंडाळलेला पुरावा देऊन मोकळा. ती गुंडाळी, एमएसचॅप व्हर्जन दोन, किती पातळ आहे ते मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी २०१२ मध्ये डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत दाखवलं: पासवर्ड कितीही लांब असू दे, काम शेवटी ५६ बिटांच्या एका जुन्या किल्लीवर येऊन थांबतं. तुझ्या वायफायचा आणि रिझल्ट, फी, लायब्ररीचा पासवर्ड एकच आहे ना? मग टिक राहू दे.

आता खरी युक्ती. तासभर झटून तुला लॅपटॉपवर जे कळणार नाही, ते सर्व्हरचा लॉग एका ओळीत सांगतो. कॉम्प्युटर सेंटरला जा आणि एवढंच विचार, ‘सर, मी आत्ता दहा वाजून बारा मिनिटांनी प्रयत्न केला, लॉगमध्ये माझ्या नावाची ओळ दिसते काय?’ नेमकी वेळ सांगितलीस की समोरचा माणूस बघतो. नुसतं ‘नेट लागेना’ म्हटलंस की तो म्हणतो, रीस्टार्ट करून बघ. मीही तेच म्हणतो.

ओळच नसेल, तर तुझी गाठ ऑफिसशी पडलेलीच नाही. सिग्नल, ड्रायव्हर किंवा चुकीच्या प्रकाराने बनवलेलं प्रोफाइल. ओळ आहे आणि तिच्यात सर्टिफिकेटची किंवा टीएलएसची, म्हणजे तो बंद बोगदा बांधण्याच्या पद्धतीची, कुरकुर आहे, तर ओळखपत्रावर अडलंय. ओळ आहे आणि पासवर्ड चुकल्याचं लिहिलंय, तर पासवर्ड. ‘पण सर, पासवर्ड बरोबर आहे’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि ते बोलणारा खोटं बोलत नसतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. खानापूरकडची एक मुलगी, सेकंडहँड लॅपटॉप, तक्रार तुझ्यासारखीच. लॉग उघडला तर तिच्या वेळेला तिचं नाव नाही, भलत्याच माणसाचं नाव. दर दोन मिनिटांनी तेच. मी विचारलं, हा कोण? ती बघतच राहिली. मग तिनेच लॅपटॉप सुरू करून दाखवला तेव्हा कळलं, विंडोजच्या खात्याला अजून आधीच्या मालकाचं नाव होतं. कुणीतरी तिला प्रोफाइल हाताने बनवून दिलं होतं आणि आतली एक टिक तशीच राहिली होती, ‘माझं विंडोजचं नाव आणि पासवर्ड आपोआप वापर’. ती बापडी स्वतःचं नाव कुठे टाकायचं तेच शोधत होती आणि लॅपटॉप पाठीमागून जुन्या मालकाच्या नावाने दार ठोठावत होता. टिक काढली, अर्ध्या मिनिटात लागलं.

ती टिक खोल पुरलेली असते. कंट्रोल पॅनेलमधून वायफायच्या प्रॉपर्टीज, ‘सिक्युरिटी’ टॅब, पीईएपीच्या (बोगद्यातून ओळख पटवायच्या पद्धतीच्या) सेटिंग्ज, त्यात खाली एमएसचॅपसमोर ‘कॉन्फिगर’. तिथे आहे. सिक्युरिटी टॅबवरच ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘युजर ऑथेंटिकेशन’ निवड. तसं केलं नाही तर विंडोज कधी कधी युजरच्या ऐवजी कॉम्प्युटरच्या नावाने जायला बघतं आणि तुझा डेस्कटॉप-अमुकतमुक आमच्या यादीत कुठून असणार?

दुसरं, कीबोर्ड. हे आपल्या भागातलं खास दुखणं. इथल्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तीन कीबोर्ड सुखाने नांदतात. पासवर्ड टाकताना दिसतात नुसते काळे ठिपके. विंडोज-कीसोबत स्पेस चुकून दाबला गेला की भाषा बदलते आणि ठिपके काही मराठी-कन्नड असे वेगळे दिसत नाहीत. परदेशातून आलेल्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड ‘इंग्लिश यूके’ लावलेला असू शकतो. त्यात ‘ॲट’चं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांच्या जागा उलटसुलट असतात. कॉलेजांचे सुरुवातीचे पासवर्ड नेमके ‘ॲट’ घालूनच बनवलेले! पासवर्डाच्या चौकटीतलं डोळ्याचं चित्र दाबून बघ, नाहीतर नोटपॅडमध्ये लिहून बघ आणि पुसून टाक. एका पोराने तीन दिवस याच कारणासाठी आमच्या सेंटरच्या फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी मी त्याला पासवर्ड युजरनेमच्या चौकटीत टाकायला लावला. आम्ही दोघं एकदमच हसलो.

तिसरं मला सगळ्यात आवडणारं, कारण दोषी मुद्देमालासकट खिशातच सापडतो. समज तू लॅपटॉपवरून पासवर्ड बदललास. जुना मोबाईल बॅगेत पडलाय, त्यात जुनाच पासवर्ड साठवलेला. तो दर थोड्या वेळाने आपणहून जोडायला बघतो, चुकतो, परत बघतो. ठरलेल्या चुका झाल्या की सर्व्हर खातंच काही वेळ बंद करतो. मग लॅपटॉपवर अगदी बरोबर पासवर्ड टाकलास तरी नकार. अर्ध्या तासाने आपोआप चालू, जेवून आल्यावर परत बंद. माणसाला वेड लागायची पाळी येते. तुझा मोबाईल चालतोय म्हणजे तुझ्याबाबतीत हे नसावं, पण घरी दिलेला जुना फोन, टॅब्लेट, मित्राला तात्पुरता लॉगिन करून दिलेला लॅपटॉप आठवून बघ. पासवर्ड बदलायचा तर आधी सगळ्या उपकरणांवरून नेटवर्क ‘फरगेट’ करायचं, मग बदलायचा. ओटीपी कुठल्या नंबरवर जातो तेही आधी तपास. ॲडमिशनच्या वेळी वडिलांचा नंबर दिलेला असतो, वडील शेतात असतात आणि ओटीपीचं आयुष्य पाच-दहा मिनिटांचं.

उपकरणांच्या संख्येवर मर्यादा असते तेही इथेच सांगतो. काही कॉलेजं एका नावावर दोनच उपकरणं चालू देतात. मोबाईलचं वायफाय बंद करून लॅपटॉप जोडून बघ, एका मिनिटात कळेल. आणि जिथे वायफाय कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक ॲड्रेस, नोंदवून घेतात तिथे ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ हा पर्याय कॉलेजच्या नेटवर्कपुरता बंद ठेव. कार्ड दुरुस्तीत बदललं असेल तरी नोंद जुन्या कार्डाचीच राहते.

युजरनेम नुसता रोल नंबर की पुढे ‘ॲट’ आणि कॉलेजचं डोमेन, हे कॉलेजगणिक वेगळं. एज्युरोम, म्हणजे एकाच खात्यावर वेगवेगळ्या कॉलेजांत चालणारं सामायिक वायफाय, असेल तर मात्र पूर्ण नाव डोमेनसकट टाकायची सवय आजच लाव. भारतात ते अर्नेट ही शिक्षणसंस्थांचं नेटवर्क सांभाळणारी संस्था चालवते. नुसत्या रोल नंबरावर स्वतःच्या कॉलेजात कदाचित निभावेल, पण धारवाडला किंवा पुण्याला एखाद्या कार्यशाळेला गेलास की तिथल्या सर्व्हरला तुझा निरोप कुठल्या कॉलेजकडे धाडायचा तेच कळणार नाही. पासवर्ड तपासतं तुझंच कॉलेज, तू कुठेही असलास तरी.

लॉग बघायला माणूसच भेटला नाही तर विंडोजचा स्वतःचा अहवाल आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि इंग्रजी अक्षरांत टाइप कर: नेट-एस-एच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट. पहिला शब्द जोडून, पाच अक्षरांचा. गेल्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं, याचं पान ब्राउझरमध्ये उघडता येतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्यातल्या डब्ल्यूलॅन-ऑटोकॉन्फिगमध्ये १२०१३ नंबरची नोंद दिसली तर ओळख पटवण्यातच अडलंय असं समज. ८००१ म्हणजे जोडणी झाली, ८००२ म्हणजे फसली.

जोडलं गेलं पण पान उघडत नाही, ही तक्रार वेगळी, तिच्यात पासवर्डाचा काही दोष नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून पत्ता बघ. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतलाय. साध्या विभागणीत एका जाळ्यात २५४ पत्ते असतात. साठ पोरांचा वर्ग, प्रत्येकाकडे दोन उपकरणं, शेजारी सेमिनार, की पत्ते संपतात. ते काम कॉलेजचं. तुझ्या बाजूने एवढंच बघायचं की ‘आयपी असाइनमेंट’ ऑटोमॅटिकवर आहे. घरच्या राउटरसाठी कुणीतरी १९२.१६८ चा पत्ता हाताने घालून ठेवलेला असतो आणि तो गावाहून तुझ्यासोबत एसटीने बेळगावला येतो.

पत्ता मिळाला आणि तरी काही उघडत नाही, तर लॉगिनचं पान आलेलं नसेल. ब्राउझरला ते पान दाखवायला साधी, कुलूप नसलेली साइट लागते. कुलूपवाल्या साइटला मध्येच कुणी वळवलं की ब्राउझर धोका समजतो. त्यामुळे एचटीटीपीने सुरू होणारी एखादी साइट उघड, पान येईल. व्हीपीएन आणि हाताने घातलेला चार आठांचा (८.८.८.८) डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, तेवढ्यापुरता काढ.

सिग्नलबद्दल फार लिहीत नाही. जुन्या दगडी इमारतीत जाड भिंतीपलीकडे पाच गिगाहर्ट्झ पोचत नाही, दारात येऊन बस. करंट गेला आणि आला की पाच मिनिटं थांब. छतावरचे डबे सुरू व्हायला वेळ घेतात, तेवढ्यात तू चार सेटिंग्ज बदलून बसशील.

एक अडचण तुझ्या हातातली नाही, पण माहीत असावी. विंडोज अकराच्या २२एच२ आवृत्तीपासून या बोगद्यासाठी टीएलएस १.३ वापरायला सुरुवात झाली आणि काही जुने रेडियस सर्व्हर त्यावर अडखळले. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत त्याच सुमारास क्रेडेन्शियल गार्ड, म्हणजे साठवलेले पासवर्ड जपणारा पहारेकरी, आपोआप चालू व्हायला लागला, त्यामुळे विंडोजचाच साठवलेला पासवर्ड वापरून जाणाऱ्यांची अडचण झाली. उबंटू २२.०४ (लिनक्स) वाल्यांचं उलटं: त्यातलं ओपनएसएसएल तीन, म्हणजे तो बोगदा बांधणारं सॉफ्टवेअर, जुन्या पद्धतीच्या सर्व्हरशी बोलायलाच तयार नसतं. तुमच्या वर्गात अपडेटनंतर एकाच दिवशी पाच-सहा लॅपटॉप आडवे झाले असतील तर दोष तिकडे शोधा आणि मिळून जा. एकटा गेलास तर तुझा लॅपटॉप जुना ठरतो, सहा जण गेलात तर आमचा सर्व्हर.

‘नेटवर्क रीसेट’ हे बटण सगळ्यात शेवटी. ते साठवलेली सगळी नेटवर्कं आणि व्हीपीएन पुसून टाकतं, त्याने सर्टिफिकेटची तारीख बदलत नाही. आणि रूममेटचं नाव-पासवर्ड घेऊन तुझ्या लॅपटॉपवर ‘चालतंय काय बघू’ असं करणार असशील तर एकदाच कर, त्याच्यासमोर कर आणि लगेच ‘फरगेट’ कर. चालतंय असं दिसलं तर दोष तुझ्या खात्यात आहे, लॅपटॉपमध्ये नाही, एवढी माहिती त्यातून मिळते. प्रोफाइल तसंच ठेवलंस तर दोन महिन्यांनी तो पासवर्ड बदलेल, त्याचं खातं बंद पडायला लागेल आणि दोषी तुझा लॅपटॉप असेल.

आज संध्याकाळी तारीख बघून कळव. तरीही लागलं नाही तर स्क्रीनचा फोटो पाठव, पण पोरं पाठवतात तसा नुसत्या त्या एका वाक्याचा नको. पूर्ण स्क्रीनचा काढ, उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं पाहिजे.